डोंगरातील गरम पाण्याच्या कुंडावर कुटुंबासह जाताना: पाणी सुरक्षित आहे, हे कसे ठरवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगरातील दाट जंगलात, सुमारे अडीच तास चालत गेल्यावर लागणाऱ्या एका नैसर्गिक गरम पाण्याच्या कुंडावर आपल्याला जायचे आहे. सोबत ७ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांचे वडील असतील. वडील रक्तदाबाची गोळी घेतात, परंतु रोज तासभर चालण्याची त्यांना सवय आहे. कुंडाजवळ कोणतीही सोय नाही आणि देखरेखीला कोणी नसते. तेथील पाणी सुरक्षित आहे का आणि त्यात किती वेळ बसावे, असे आपण विचारले आहे.

डोंगरात लोकांना घेऊन जाण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि अशा कुंडांवर मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयाची माणसे माझ्यासोबत आलेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘पाणी सुरक्षित आहे का’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर घरी बसून कोणालाही देता येणार नाही, मलाही नाही. ते उत्तर त्या दिवशी, त्या काठावर उभे राहून, मोजून मिळवावे लागते. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न मला असा दिसतो: तेथे पोहोचल्यावर पाणी कसे तपासावे, आणि तपासणीत काही खटकले तर अडीच तास चालून आल्यावरही पाण्यात न उतरता परतण्याची आपली तयारी आहे का? ही तयारी असेल तर जरूर जावे. नसेल, तर निदान मुलीला आणि वडिलांना सोबत नेऊ नये.

पाण्याचा भरवसा का धरता येत नाही, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोल मुरते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जाते, त्यामुळे पुरेसे खोल गेलेले पाणी तापते आणि एखादा मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांचे थर तुटून सरकलेली खोल भेग, सापडला की त्या वाटेने वर येते. ज्वालामुखीच्या प्रदेशात उष्णतेचा उगम जवळच असतो. पण हिमालयातील अनेक झऱ्यांजवळ जागृत ज्वालामुखी नसतानाही तेथे उकळते पाणी येते, ते खोल भेगांमुळे. वर येताना या पाण्यात उथळ थरांतील थंड पाणी मिसळते, आणि ते किती मिसळेल हे ऋतूवर, पावसावर आणि खडकांच्या हालचालीवर ठरते. अमेरिकेत १९५९ साली हेब्गेन सरोवराजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील शेकडो झऱ्यांचे वागणे बदलले. काही शांत कुंडांतून अचानक कारंजी उसळू लागली. इतका मोठा बदल क्वचितच होतो, परंतु पाच-दहा अंशांचा फरक एका हंगामातून दुसऱ्या हंगामात सहज पडतो. तेव्हा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव वाट समजून घेण्यासाठी उपयोगी आहे, पाण्याच्या तापमानासाठी नाही.

आता तपासणीकडे वळतो, कारण या उत्तरात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सोबत धातूची लांब काडी असलेला, १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर न्यावा. ताप मोजण्याचा घरातला थर्मामीटर येथे कामाचा नाही, कारण तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि आपल्याला नेमके त्याच्या पुढचे कळायला हवे असते. हा थर्मामीटर दोरीने एका लांब काठीच्या टोकाला पक्का बांधावा आणि काठावर ओणवे न होता, दोन पावले मागे उभे राहून पाण्यात सोडावा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. एकाच जागी मोजून समाधान मानू नये: जेथून पाणी कुंडात येते तेथे, जेथे बसायचे आहे तेथे आणि जेथून पाणी बाहेर जाते तेथे मोजावे, आणि प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाजवळ व तळाशी असे दोनदा मोजावे. गरम पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते, म्हणून वरचा थर पोळणारा आणि खाली कोमट असे पुष्कळदा आढळते. याच्या उलट, तळाच्या वाळूतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत असेल तर तेथे झऱ्याचे तोंड असू शकते, आणि त्या वाळूत पाय रुतला की पाऊल पोळते. अशी जागा दिसली की तेथे काठी रोवून ठेवावी आणि सर्वांना दाखवावी.

आकड्यांचा अर्थ असा लावावा. निरोगी प्रौढासाठी ३८ ते ४० अंश ही सोयीची मर्यादा आहे. ४० च्या वर मी कोणालाही उतरू देत नाही. दोन अंशांनी काय बिघडते असे वाटते खरे, पण शरीराच्या दृष्टीने तो फरक फार मोठा आहे. ४९ अंशांच्या पाण्यात प्रौढाची त्वचा खोलवर भाजायला सुमारे १० मिनिटे लागतात, तर ६० अंशांच्या पाण्यात केवळ ५ सेकंद पुरतात. मुलांची त्वचा पातळ असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत याहूनही कमी. ५ सेकंदांत घसरलेला माणूस सावरून काठावर येऊ शकत नाही, म्हणून कुंडाचा कोणताही भाग ५० च्या वर असेल तर दुसऱ्या टोकाला पाणी कितीही सुखद असले तरी ७ वर्षांच्या मुलीला त्या कुंडात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळ्यांवर विसंबू नये, हे येथे आवर्जून सांगायला हवे. पाणी निळेशार आणि तळ दिसेल इतके नितळ असेल तर ते स्वच्छ व सौम्य असावे असा आपला समज होतो. पुष्कळदा तोच सर्वांत तप्त भाग असतो. कडेला नारिंगी, पिवळे, तपकिरी पट्टे दिसतात ते उष्णतेत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे थर होत, आणि प्रकाशावर जगणारे हे जीव साधारण ७३ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. मधोमध रंग नाहीसा होऊन नुसता निळा उरला असेल, तर तेथे त्यांनाही सोसवणार नाही इतके पाणी कढत असण्याची शक्यता धरून चालावे. वाफ दिसत नाही म्हणून पाणी निवले आहे असेही समजू नये; उन्हाच्या, कोरड्या दिवशी वाफ दिसत नाही.

काठाबद्दलही तितकेच सावध राहावे लागते. गरम पाण्यात विरघळलेले चुन्याचे किंवा सिलिकाचे क्षार पाणी थंड होताच काठावर साचतात, आणि दुधावर साय धरावी तसा त्यांचा पापुद्रा पाण्यावर पुढे पुढे वाढतो. वरून तो खडकासारखा दिसतो, खाली मात्र पाणी असते. यलोस्टोनमध्ये इतर कोणत्याही नैसर्गिक गोष्टीपेक्षा गरम झऱ्यांनी अधिक लोकांना जखमी केले किंवा मारले आहे. तेथे भाजून २० हून अधिक माणसे दगावली आहेत, आणि त्यांतील सर्वजण काही हौसेने पाण्यात उतरलेले नव्हते. पांढरी, पिवळसर, ठिसूळ जमीन दिसली, काठी आपटल्यावर पोकळ आवाज आला किंवा पायाखाली ऊब जाणवली, तर त्या बाजूने पुढे जाऊ नये. रुळलेल्या पायवाटेने आणि अखंड खडकावरूनच काठाशी यावे. मुलीचा हात काठापासून बऱ्याच अंतरावर असतानाच धरावा, आणि काठावर पळायचे नाही हा नियम तिला घरीच समजावून सांगावा, कारण तेथे पोहोचल्यावर आनंदाच्या भरात ती काही ऐकणार नाही.

हवेची तपासणी बहुतेकजण विसरतात. कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. मोकळ्या, वाहत्या हवेत त्याचा हलका वास येणे ही चिंतेची बाब नाही. धोका असा, की वायूचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बोथट होते आणि वास गेला असे वाटते. म्हणून तीव्र वास अचानक नाहीसा झाला तर निश्चिंत न होता सर्वांनी तेथून बाहेर पडावे. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नसतो. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी, कपारीत, गुहेसारख्या छताखाली आणि वारा पडलेल्या पहाटे साचून राहतात. कुंडात बसलेल्या माणसाचे नाक पाण्यापासून वीतभरच वर असते आणि लहान मुलाचे त्याहूनही खाली, हे लक्षात घेतले म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाला काही होत नाही एवढ्यावरून निष्कर्ष का काढू नये, ते कळते. खोलगट भागात मेलेले किडे किंवा पक्षी दिसले, डोके दुखू लागले, डोळे चुरचुरले किंवा दम लागला, तर पुढची तपासणी करायची गरज नाही. उंच आणि वाऱ्याच्या जागी निघून जावे.

पाण्यातील जंतूंविषयी आपण थेट विचारलेले नाही, परंतु मुलगी सोबत असल्याने सांगणे भाग आहे. कोमट गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. सुमारे ४६ अंशांपर्यंतच्या पाण्यात तो वाढतो, म्हणजे अंघोळीला सुखद वाटणारे पाणी त्यालाही मानवते. त्याचा संसर्ग अत्यंत विरळ आहे, पण झाल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. तो पाणी गिळल्याने होत नाही, नाकात पाणी गेल्याने होतो. त्यामुळे उपायही सोपा आहे: डोके पाण्याखाली न्यायचे नाही, उडी मारायची नाही, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवायचे नाही आणि तळाचा गाळ ढवळायचा नाही. मुलांना हे पटवणे कठीण असते, म्हणून मी त्यांचे केस वर बांधून कोरडे ठेवायला सांगतो आणि केस कोरडे ठेवून दाखवण्याची पैज लावतो. परत आल्यावर १२ दिवसांच्या आत कोणाला ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जाताना गरम झऱ्यात अंघोळ केल्याचे आपणहून सांगावे. उघडी जखम असलेल्याने पाण्यात उतरू नये. आणि हे पाणी पिऊ नये: खोल खडकांतून आलेल्या पाण्यात आर्सेनिक, फ्लोराइड यांसारखी द्रव्ये असू शकतात आणि पाणी उकळल्याने ती जात नाहीत.

आता वडिलांविषयी, आणि त्या निमित्ताने ‘किती वेळ’ या प्रश्नाविषयी. गरम पाण्यात बसल्यावर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. घाम येतो, पण पाण्याखाली असलेल्या त्वचेवरून तो उडून जाऊ शकत नाही, म्हणून शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही. बसलेले असेपर्यंत पाण्याचा दाब रक्ताला आधार देतो. माणूस झटकन उभा राहिला की तो आधार सुटतो, रक्त पायांकडे उतरते आणि घेरी येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला, त्यातही अडीच तास चालून घामाने पाणी कमी झालेल्याला, हा त्रास होण्याची शक्यता अधिक. निसरड्या खडकावर घेरी येणे हे गरम पाण्याइतकेच धोक्याचे आहे. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि विचारताना नुसते ‘गरम पाण्यात बसले तर चालेल का’ असे न म्हणता अडीच तास चाल, मग गरम पाणी, मग पुन्हा चाल, असा पूर्ण दिवस त्यांच्यापुढे मांडावा. गोळी मनाने बंद करू नये किंवा पुढे-मागे करू नये.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी माझी पद्धत अशी आहे. पोहोचल्यावर किमान अर्धा तास सावलीत बसायचे, पाणी प्यायचे, थोडे खायचे, आणि छातीची धडधड पूर्ण शांत झाल्याशिवाय पाण्याकडे जायचे नाही. वडिलांनी आधी फक्त पाय सोडून बसावे. बरे वाटले तर कमरेपर्यंत, छाती पाण्याबाहेर ठेवून, जास्तीत जास्त १० मिनिटे. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पाय सोडून बसण्यातच पूर्ण समाधानी असतात आणि चालून आंबलेल्या पायांना तेवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो, तेव्हा त्यांना पुढे जाण्याचा आग्रह करू नये. बाहेर येताना काठावर बसून दोन-तीन मिनिटे पाय पाण्यातच ठेवावेत आणि मग कोणाचा तरी हात धरून उठावे. मुलीचे शरीर लहान असल्याने ते प्रौढापेक्षा लवकर तापते; पाणी ३८ च्या आत असेल तरच तिला उतरवावे, ५ मिनिटांनी बाहेर घ्यावे, गाल लाल झाले किंवा ती एकाएकी गप्प झाली तर त्याआधीच. प्रौढांसाठी एका वेळी १० ते १५ मिनिटे पुरेत. गटात कोणी गर्भवती असेल, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर गरम कुंडात बसू नये, कारण आईच्या शरीराचे तापमान वाढणे गर्भाला घातक ठरू शकते. मद्य घेतलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नये. प्रौढांपैकी एकजण नेहमी काठावर, कपडे घातलेला आणि सावध असावा.

पाण्यात बसण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार परतीचा करावा. गरम झरे बहुधा दरीच्या तळाशी, ओढ्या-नदीच्या काठी असतात, कारण खोलातून येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला तीच सर्वांत सखल जागा मिळते. याचा अर्थ जाताना उतार आणि येताना चढ, तोही अंग सैल पडल्यावर. जायला अडीच तास लागले तर परतीसाठी चार तास धरावेत, अंधार पडण्यापूर्वी एक तास हाताशी ठेवावा, आणि त्यावरून कुंड सोडण्याची वेळ घरीच ठरवावी. थंडीच्या दिवसांत ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहिल्यास शरीर फार झपाट्याने गारठते. कोरडे कपडे, टोपी आणि पंचा कुंडाच्या काठावर हाताशी ठेवूनच पाण्यात उतरावे, पिशवीच्या तळाशी नाही.

कुंड ओढ्याला लागून असेल तर डोक्यावर ऊन असले तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडलेला असू शकतो. ओढ्याचे पाणी गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहत येणे किंवा त्याचा आवाज बदलणे, यांपैकी काहीही जाणवले की सामान आवरत न बसता उंच जागी चढावे. ओढ्याच्या कडेकडेने पळू नये.

इतके करूनही कोणाला चटका बसलाच, तर भाजलेला भाग ताबडतोब थंड, स्वच्छ पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, तेल, दंतमंजन काही लावू नये. अंगठी, बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी, त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये, आणि स्वच्छ कापडाने सैल झाकून निघावे. मुलीच्या बाबतीत भाजलेला भाग तिच्या तळहाताएवढा असला तरी रुग्णालय गाठावे.

कुंडाच्या आरोग्याबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे, कारण माणसांच्या हौसेने झरे बिघडलेले मी पाहतो. यलोस्टोनमधील मॉर्निंग ग्लोरी कुंडात लोकांनी वर्षानुवर्षे नाणी आणि कचरा टाकला, झऱ्याचे तोंड अंशतः बुजले, पाणी निवले आणि कडेचे पिवळे-नारिंगी जीव आत सरकून त्याचा निळा रंग उणावला. त्याच उद्यानातील झऱ्यांतून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९६६ साली एक उष्णताप्रेमी जिवाणू मिळवला, आणि त्याच्याच विकरावर (एन्झाइमवर) पुढे पीसीआर ही डीएनएच्या प्रती वाढवून तपासणी करण्याची पद्धत उभी राहिली. काठावरचा तो रंगीत, बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. त्यावर पाय देऊ नये, तो खरवडू नये. साबण, शाम्पू, अंगाला लावलेले तेल यांपैकी काहीही पाण्यात जाऊ देऊ नये, नैसर्गिक म्हणून विकले जाणारे साबणसुद्धा. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जावे आणि वीतभर खोल खड्डा करून बुजवावा. पाणी अडवण्यासाठी दगड हलवू नयेत, कारण त्यामुळे प्रवाह बदलतो आणि पुढच्या माणसाला कालच्या सुखद जागी आज कढत पाणी लागू शकते. चांदीचे दागिने घरी ठेवावेत, ते गंधकाने काळे पडतात.

आपल्या कुटुंबापुरते बोलायचे तर मी असा क्रम सुचवेन. आधी प्रौढांपैकी दोघांनी जाऊन वाट आणि कुंड पाहून यावे, पाणी मोजावे आणि चढ वडिलांना झेपेल का ते ठरवावे. त्यानंतर लगेचच, त्याच हंगामात, सर्वांनी जावे आणि पाणी पुन्हा मोजावे. निघण्यापूर्वी त्या जंगलाची जबाबदारी असलेल्या कार्यालयात वाट खुली आहे का, परवानगी लागते का आणि अंघोळीला मनाई आहे का, हे विचारून घ्यावे. मनाई असेल तर तिच्यामागे बहुधा एखादा अपघात असतो, म्हणून ती पाळावी. अशा दऱ्यांत मोबाइलला बहुधा रेंज नसते, तेव्हा कोणत्या वाटेने जात आहोत, किती वाजता परतणार आणि त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून कोणाला कळवायचे, हे घरी राहणाऱ्या एका माणसाला कागदावर लिहून द्यावे.